लेकरांसाठी महिन्याला 1500 रुपये कुठं टाकावेत?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी 4 वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा, महिन्याला 1500 सुटतात अन् नणंदेचे मिस्टर चाइल्ड प्लॅन, म्हणजे मुलांसाठीची विमा पॉलिसी, घ्या म्हणून मागं लागलेत. नका घेऊ, नात्यातला माणूस असला तरी. मी घेतला होता, मोठीच्या बारशातच फॉर्मवर सही केली, वर्षाला 24000 हप्ता, तिसऱ्या वर्षानंतर पावसानं दगा दिला, सोयाबीन पदरात पडलं नाही अन् पुढचा हप्ता जमेना, मोडायला गेलो तर भरलेल्या 72000 मधले निम्मेसुद्धा हातात आले नाहीत. अजून जीव जळतो. विमा काढायचाच तर घरात जो कमावतो त्याचा साधा टर्म इन्शुरन्स काढा, म्हणजे कमावता माणूस गेला तर घरच्यांना पैसे देणारा विमा, तो लेकरांसाठीच असतो.

मुलीचं सुकन्या समृद्धी खातं पोस्टात काढा. जन्माचा दाखला, तुमचं आधार, पॅन घेऊन जा, मुलगी 10 वर्षांची व्हायच्या आत काढावं लागतं. जानेवारी 2024 मध्ये व्याज 8.2 टक्के झालं, सरकार दर तीन महिन्याला दर ठरवतं. पैसे 15 वर्षं भरायचे, खातं पिकतं 21 वर्षांनी, पण मुलगी दहावी झाली किंवा 18 ची झाली की शिक्षणासाठी निम्मे काढता येतात, लातूरला क्लासेस लावायचे म्हणलं की तेव्हाच पैसा लागतो. मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे वर्षाला 250 भरले तरी खातं जिवंत राहतं अन् एखादं वर्ष चुकलंच तर 50 रुपये दंड भरून परत चालू होतं, आपल्याकडं शेतीवाल्याला हेच पाहिजे. तूर मोंढ्यावर गेली की त्यातले मी बाजूला काढून ठेवतो अन् 1 ते 5 एप्रिलमध्ये भरतो, कारण 5 तारखेनंतर भरलं की त्या महिन्याचं व्याज त्या पैशावर मिळत नाही. पासबुकावर पोस्टाचा शिक्का बसला की बायको ते पिशवीत गुंडाळून गव्हाच्या कोठीमागं ठेवते.

मुलीच्या या खात्याला महिन्याचे 1000 द्या. मुलाला उरलेले 500, निफ्टी 50 चा इंडेक्स फंड, मुलाच्या नावानं, तुम्ही पालक. निफ्टी 50 म्हणजे शेअर बाजारातल्या देशातल्या 50 मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, या फंडात त्याच कंपन्यात पैसा वाटला जातो, कोणी बसून शेअर निवडत नाही म्हणून खर्च कमी. फॉर्मवर 'डायरेक्ट' लिहिलेलं बघूनच भरा, 'रेग्युलर' मध्ये कमिशन दरवर्षी तुमच्याच पैशातून जातं. महिन्याला 500 रुपये 16 वर्षं 10 टक्क्यांनं वाढले तर साधारण 2 लाख 37 हजार होतात, 9 टक्क्यांनं 2 लाख 15 हजार, म्हणजे कमिशनपायी एक टक्का जरी कमी झाला तरी 22 हजार गेले. 10 टक्के मी हिशोबापुरते धरलेत, हमी कोणीच देत नाही. 2020 मध्ये जानेवारीत 12000 च्या वर असलेला निफ्टी मार्चमध्ये 8000 च्या खाली आला होता, तेव्हा माझ्या ओळखीच्या दोघातिघांनी घाबरून काढून घेतले अन् मग वर चढताना बघत बसले. अशा वेळी ॲप उघडूच नका, हप्ता चालू ठेवा.

मुलगा 18 चा झाला की एसआयपी, म्हणजे फंडाचा हा महिन्याचा हप्ता, थांबते, त्याचं पॅन अन् बँक खातं जोडून फंड त्याच्या नावावर करून घ्यावा लागतो, तेवढी तारीख आत्ताच कुठंतरी लिहून ठेवा. अन् नणंदेच्या मिस्टरांना सरळ सांगा की सुकन्याचं खातं काढलंय, आता हप्ता झेपत नाही.