बाबांनी केवायसीच्या मेलमध्ये आधार नंबर भरला, आता काय करायचं? (उत्तर जरा लांबलं आहे)

भाऊ, पहिले घाबरणं बंद कर. तू लिहिलं त्यावरून मला समजलं ते असं, की बाबांच्या मोबाईलवर "पीएम किसानचा हप्ता थांबला, आजच केवायसी करा" असा मेल आला, त्यांनी लिंक उघडून नाव, आधार नंबर, जन्मतारीख, बँकेचा खाते नंबर सगळं भरून टाकलं, आणि ओटीपी टाकायची वेळ आली तेव्हा तुझ्या बहिणीने मोबाईल हातातून घेतला. आता तुला तीन गोष्टी पाहिजेत, पैसे जातील का, पुढे असे मेल ओळखायचे कसे, आणि तो गावातला पोट्टा महिन्याचे पैसे देतो म्हणून खातं वापरायला मागतो त्याचं काय करायचं. माझं यवतमाळ जिल्ह्यात सेवा केंद्र आहे, सातबारा, पीकविमा, फार्मर आयडी हेच दिवसभर चालते, त्यामुळे असे मेसेज रोज कोणी ना कोणी दाखवायला आणतेच.

पैशाचं पहिले. ओटीपी दिला नाही, यूपीआय पिन दिला नाही, एटीएम कार्डाचा नंबर दिला नाही, म्हणजे नुसत्या खाते नंबरवरून कोणी पैसे काढू शकत नाही, तो नंबर तर प्रत्येक चेकवर छापलेलाच असते. तरी उद्या शाखेत जाऊन सांगून ठेवा आणि आठ-पंधरा दिवस खात्यावर नजर असू द्या. समजा पैसे गेलेच असते, तर बँक उघडायची वाट न पाहता त्याच मिनिटाला 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर लावायचा असतो, कारण गेलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा पळत राहते आणि कुठंतरी एटीएममधून निघून जाते, त्याच्या आधी तक्रार पोहोचली तरच तो मधे अडवता येते. फोन करताना व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम समोर असू द्यायची. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम पण लक्षात ठेव, तुमची काही चूक नसताना बाहेरच्या कोणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर नुकसान तुमच्यावर येत नाही, पण ओटीपी किंवा पिन स्वतःच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलंच. म्हणून "लोक काय म्हणतील" करत दोन दिवस घरात बसून राहणारा माणूस जास्त बुडते.

पण माझी खरी काळजी वेगळी आहे. बाबांची माहिती त्या लोकांकडे गेली, ती काही वापस येत नाही. आता आठ-दहा दिवसांनी फोन येईल, "काका, तुमचा आधार नंबर अमुक, जन्मतारीख तमुक, खातं अमुक बँकेत, तुमची केवायसी अर्धवट राहिली, एक नंबर आला असेल तो सांगा." माणसाला वाटते की याला एवढं सगळं माहीत आहे म्हणजे हा ऑफिसचाच असेल. मेल हा पहिला फास होता, दुसरा फोनवर येते. बाबांना आजच हे समजावून सांग, नंतर नको, आणि "असं करू नका" एवढंच नको सांगू, तो फोनवाला काय काय बोलेल तेच जसंच्या तसं बोलून दाखव. यातून सुटले तर अजून एक प्रकार आहे, पोलिसाच्या वर्दीत व्हिडिओ कॉल आणि "तुमच्या आधारवर गुन्हा दाखल आहे, डिजिटल अरेस्ट केली आहे" म्हणून दम देणं. असली अटक कायद्यात कुठंच नाही, पंतप्रधानांनी सुद्धा ऑक्टोबर 2024 च्या मन की बातमध्ये हेच सांगितलं होतं.

आधारवरून अंगठा लावून पैसे काढायची सोय आपल्या गावात सगळेच वापरतात, बँक वीस किलोमीटर असली की दुसरं करणार काय. त्यात आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागते. दुसऱ्या राज्यांत रजिस्ट्रीच्या कागदावरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवल्याची प्रकरणं झालेली आहेत. यावर उपाय म्हणजे आधारच्या साइटवरून बायोमेट्रिक लॉक करणं. लोक हे सांगतात पण पुढची अडचण सांगत नाहीत, लॉक केलं की रेशन दुकानात पण अंगठा चालत नाही, आणि मग बाबा तिथं रांगेत उभे राहून तुझ्याच नावानं ओरडतील! थोड्या वेळापुरतं अनलॉक करता येते, पण ते मोबाईलवर करून देणारं कोणी घरी पाहिजे. बहीण घरी असते तर बिनधास्त लॉक करा, नाही तर शाखेत अर्ज देऊन त्या खात्यावरून आधारने पैसे काढणं बंद करून घ्या. त्याच आधारच्या साइटवर मागच्या सहा महिन्यांत तुमचा आधार कुठं कुठं वापरला त्याची यादी दिसते, ती एकदा पाहून घे, त्यात ज्या दिवशी बाबा वावरात होते त्या दिवसाचा अंगठा दिसला तर समजायचं.

अजून दोन कामं, बसल्या बसल्या होतात. संचार साथी या सरकारी साइटवर मोबाईल नंबर टाकला की बाबांच्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसते, आपलं नसलेलं सिम तिथूनच कळवून बंद करता येते. आणि सिबिलचा रिपोर्ट, तो वर्षातून एकदा फुकट मिळते, त्यात न घेतलेलं कर्ज दिसते का पाहायचं. पीककर्जाच्या वेळी सिबिल खराब निघालं आणि मग कळलं की आपल्या पॅनवर कोणीतरी मोबाईल ॲपचं कर्ज उचललं आहे, हे आपल्याकडे नवीन राहिलं नाही.

आता ओळखायचं कसं. तू टाकलेला स्क्रीनशॉट मी मोठा करून पाहिला. वर नाव लिहिलं आहे "पीएम किसान सन्मान निधी कार्यालय", हिरवी पट्टी, ट्रॅक्टरचा फोटो, खाली लाल अक्षरात "आज रात्री 12 वाजेपर्यंत". पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही टाकू शकते, मी उद्या कलेक्टर ऑफिस म्हणून टाकू शकतो. त्या नावावर बोट दाबलं की खाली खरा पत्ता उघडते, तुझ्या दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये तो दिसतो आहे आणि त्याच्या शेवटी साधं जीमेल आहे. सरकारी मेल जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन वरून येते, आणि बँकांच्या साइट आता रिझर्व्ह बँकेने डॉट बँक डॉट इन वर आणल्या आहेत. लिंक वाचताना उजवीकडून वाचायची. सुरुवातीच्या जोड तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ येईपर्यंतचा जो भाग आहे त्याचं शेपूट पाहायचं, म्हणजे "पीएमकिसान डॉट जीओव्ही डॉट इन डॉट केवायसी-अपडेट डॉट टॉप" असं असेल तर त्याचा मालक तो शेवटचा केवायसी-अपडेट डॉट टॉपवाला, त्याच्या आधीचं सगळं नुसतं दाखवायसाठी. इंग्रजीत आर आणि एन जवळजवळ लिहिले की एम दिसते, तोही खेळ चालते.

पत्ता खोटा दिसला तर मेल खोटा, हे पक्कं, पण पत्ता बरोबर दिसला म्हणून मेल खरा असं नाही, पत्ता सुद्धा बनवता येते आणि खऱ्या माणसाचा मेल हॅक करून त्यावरूनही पाठवतात. आणि शुद्धलेखनाच्या चुका पाहा म्हणून जो सल्ला फिरत राहते तो आता सोडून द्या, हे लोक आता एआयकडून लिहून घेतात, मराठी एकदम गुळगुळीत असते. उलट खऱ्या सरकारी मेसेजचंच मराठी जास्त वाकडंतिकडं असते राजेहो.

तर मग पाहायचं काय, तर मेल मागते काय ते. पीएम किसानच्या खऱ्या ईकेवायसीत आधार नंबर आणि ओटीपी लागते, किंवा अंगठा, किंवा चेहरा. तिथं खाते नंबर विचारतच नाहीत, एटीएम कार्ड तर दूरच. बाबांना ज्या पानावर खाते नंबर विचारला तिथंच ते पान खोटं ठरलं. तसंच पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे गेले. आणि इन्कम टॅक्सचा रिफंड, नवीन पॅन कार्ड डाउनलोड करा, पोस्टाचं पार्सल अडकलं, या तिन्हीच्या लिंका कोणत्याही भाषेत आल्या तरी उघडायच्या नाहीत, फार विचार करू नका.

बाबांना दोष देऊ नको मात्र. आपल्याकडे खऱ्या योजनाच इतक्या वेळा केवायसी मागतात की खोटी केवायसी वेगळी वाटतच नाही. अतिवृष्टीची मदत आली की व्हीके नंबर (मदतीच्या यादीतला आपला विशिष्ट क्रमांक) घेऊन केवायसी, लाडकी बहीणची केवायसी, पीएम किसानची केवायसी, रेशनची केवायसी. कास्तकार माणूस सोयाबीन विकून बसलेला, हप्त्याची वाट पाहणारा, त्याला "हप्ता थांबला" म्हटलं की तो लगेच हलते, आणि हे फसवणारे हप्त्याच्या तारखा आपल्यापेक्षा जास्त पाहून असतात. म्हणून घरात एकच सवय लावा, मेल आला, मेसेज आला, कोणाचाही आला, तर त्यातल्या लिंकवरून जायचंच नाही. खरंच काही थांबलं असेल तर ते साइटवर स्वतः पत्ता टाकून गेलं तरी दिसते, केंद्रावर दिसते, तलाठी-कृषी सहायकाला विचारता येते. गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन लावणं हे पण त्यातच आलं, तिथं खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात.

एपीकेचं वेगळं सांगतो कारण सगळ्यात वाईट तेच आहे. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "पीएम किसान यादी", "आरटीओ चलान", लग्नाच्या दिवसांत "लग्नपत्रिका" अशा नावाची फाइल येते आणि शेवटी डॉट एपीके असते. ती पत्रिका नसते, ते ॲप असते. इन्स्टॉल करताना एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि मग येणारा प्रत्येक ओटीपी तिकडे जात राहते, "मी तर ओटीपी कोणालाच सांगितला नाही, मग पैसे गेले कसे" म्हणणारे बरेच जण इथंच अडकलेले असतात. फाइल ओळखीच्याच माणसाकडून येते, कारण त्याचा फोन आधीच गेलेला असते आणि त्यालाच पत्ता नसते. चुकून टाकलंच तर पहिले डेटा आणि वायफाय बंद, मग दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करायचं, आणि तो फोन पूर्ण रिसेट मारल्याशिवाय परत वापरायचा नाही.

आता जीमेल. तू लिहिलं "बाबा तर ईमेल वापरतच नाहीत, मग मेल आला कसा". भाऊ, स्मार्टफोन घेतला त्या दिवशी मोबाईल शॉपीवाल्यानं प्ले स्टोअरसाठी जीमेल काढून दिला, पासवर्ड त्यानंच ठेवला, बाबांचं नाव आणि मोबाईल नंबर असा काहीतरी. रिकव्हरी नंबर कधी कधी त्याच्या स्वतःचाच. म्हणजे कुलूप आपलं आणि चाबी दुकानदाराकडे. तो दुकानदार चांगलाच असेल, पण तोच पासवर्ड तो दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला लावत असेल तर? आणि त्या जीमेलमागे काय काय आहे पाहा, सगळे कॉन्टॅक्ट, गुगल फोटोमध्ये पडलेले आधार-पॅन-पासबुकचे फोटो, सेव्ह झालेले पासवर्ड. माणसाची सगळी ओळख एका जागी. तर पुढच्या वेळी घरी गेला की फोनच्या सेटिंगमध्ये गुगल, तिथून खातं, मग सिक्युरिटी असं जा. रिकव्हरी नंबर कोणाचा आहे पाहा, "तुमची डिव्हाइस" मध्ये अनोळखी फोन दिसला तर काढून टाक, पासवर्ड बदल, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू कर. आणि कम्प्युटरवरून जीमेल उघडून फॉरवर्डिंग पण पाहा, मोबाईल ॲपमध्ये ते दिसत नाही. कोणी तिथं आपला पत्ता टाकून ठेवला असेल तर पासवर्ड बदलला तरी मेलची कॉपी त्याला जात राहते.

केंद्रावर, झेरॉक्सवाल्याकडे आधार व्हॉट्सॲपवर पाठवता ना, ते त्याच्या कम्प्युटरवर पडून राहते. आमच्याकडे या, कुठंही जा, काम झालं की समोर उभं राहून डिलीट करून घ्या, त्यात लाजायचं काय. जिथं चालते तिथं पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्या. आणि ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, हे सगळ्यांनाच माहीत आहे.

पैसे गेले नसले तरी त्या मेलची तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर टाकून दे, आणि मेल डिलीट करू नको, स्क्रीनशॉट पण ठेव. दुसऱ्याची ओळख वापरणं हा आयटी कायद्याच्या 66सी मध्ये गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि उद्या बाबांच्या नावावर काही निघालंच तर आपण आधीच कळवलं होतं हे दाखवायला ती पावती कामी येते.

राहिला तो पोट्टा. त्याला सरळ नाही म्हण. फसवणुकीचे पैसे फिरवायला जी खाती लागतात ना, ती अशीच गावातून भाड्यानं घेतात, पासबुक, एटीएम आणि सिम सोबत. पोलीस पैशाच्या मागे मागे येतात ते खातेदाराच्या दारात, त्या पोट्ट्याच्या नाही, आणि खातं गोठलं की त्यातच येणारा हप्ता, पीकविमा, सगळं अडकून पडते. तुझ्या मित्रानं त्या पोट्ट्याला आपलं खातं दिलं आहे असं तू म्हणतो, तर मित्राला म्हणावं उद्याच बँकेत जाऊन कार्ड बंद कर, ते सिम पण बंद कर आणि खात्यात काय काय येऊन गेलं त्याचं स्टेटमेंट काढून सायबर ठाण्यात स्वतःहून घेऊन जा. जायच्या आधी वकिलाला विचारून घेतलं तर अजून बरं.