आधी सूप बघ, मग डोळे

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सोलापूरजवळच्या कुंभारीत, विडी कामगार बायकांच्या घरकुलात शिबिर घ्यायचं, चारशे चष्मे फुकट वाटायचे, असा बेत दिसतोय. वाट बाई, मी कोण नको म्हणणारा? पण त्याआधी माझी फजिती ऐक.

तुझ्याच वयाचा होतो. सोलापूरच्या पूर्व भागात, विडी वळणाऱ्यांच्या वस्तीत, एका देवळाच्या मंडपात दोनशे बायकांना चाळिशी दिली. वय विचारायचं, पन्नाशीची असली की अडीच नंबर, हातात पेपर, "दिसतंय का?" "दिसतंय." चला, पुढची. संध्याकाळी हारतुरे, नारळ. तीन महिन्यांनी त्याच गल्लीतून गेलो, तर एकीच्याही नाकावर चष्मा नाही. एका अक्कांना विचारलं. त्यांनी कपाटातून रुमालात गुंडाळलेला चष्मा काढून दाखवला. "वाचायला लई चांगलाय," म्हणाल्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

मग त्यांच्याशेजारी बसलो. मांडीवर सूप. तेंदूचं पान मापाने कातरायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. वळायचं काम बोटं न बघताही करतात. डोळा लागतो तो दोऱ्याला आणि पानातली बारीक भोकं हेरायला. तिथे चुकलं की विडी छाटात जाते आणि तेवढी मजुरी बुडते. शिंप्याचा टेप लावून डोळ्यापासून सुपापर्यंतचं अंतर मोजलं, ५५ सेंटीमीटर भरलं. दूरचा नंबर नसलेल्या माणसाला अडीचच्या भिंगातून लांबात लांब स्पष्ट दिसतं ते ४० सेंटीमीटरवर. शंभर भागिले अडीच, हे तू शिकली आहेसच. म्हणजे उरलेल्या १५ सेंटीमीटरसाठी अक्कांनी दिवसभर मान मोडून बसायचं! त्यांनी चष्मा कपाटात ठेवला, त्या माझ्यापेक्षा शहाण्या. पुढच्या खेपेला पावणेदोनचा दिला, तो नाकावर राहिला.

म्हणून तक्ता टांगायच्या आधी विचार, बाई काय काम करता, कसं बसता, जरा करून दाखवा. टॉवेलच्या मागावर तुटलेला धागा जोडणाऱ्याचं अंतर वेगळं, शिलाई मशीनवालीचं वेगळं. आणि विचारायचं तेलुगूत, त्यांच्या घरच्या भाषेत. "कनबडुतुंदा?" म्हणजे दिसतंय का, एवढं आलं तरी बाई हसते आणि खरं सांगते. मराठीत विचारलंस तर तुझा मान राखायला "हो" म्हणेल. अक्षरओळख नसेल तर उलटसुलट इंग्रजी 'E'चा तक्ता आहेच, पण मी जवळचं तपासायला सरळ दोरा आणि पान हातात देतो.

ज्यांना लांबचंही नीट दिसत नाही, त्यांच्या डोळ्यासमोर बारीक भोकाचा पुठ्ठा धर. भोकातून सुधारलं तर बहुधा नंबराचं काम. नाही सुधारलं तर चष्मा विकायचा मोह आवर आणि सिव्हिलला पाठव. मोतीबिंदू असेल, काचबिंदू असेल, साखरेने पडदा खराब झालेला असेल. नुसती चिठ्ठी देऊ नकोस, सोबत कोण जाणार ते तिथेच ठरव. त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून चिठ्ठ्या उशीखाली राहतात.

पैशाचं म्हणशील तर थोडे तरी घे. मदुराईच्या अरविंद रुग्णालयाने १९७६ साली ११ खाटांवर सुरुवात केली. ज्याला परवडतं त्याच्या पैशातून न परवडणाऱ्याचं ऑपरेशन, ही त्यांची रीत आजही चालू आहे. आपलं दुकान टीचभर, पण रीत तीच चालते. फॅन्सी फ्रेमवाल्याकडून चार पैसे जास्त, विडीवालीकडून जमेल तेवढे, तेही हप्त्याने. पैसे दिलेल्या चष्म्याची काडी मोडली तर बाई भांडायला येते. फुकटवाली येत नाही. मला भांडणारी आवडते, निदान कळतं तरी.

फ्रेम मात्र बायकांच्या घे. जाड काळ्या फ्रेमा मी स्वस्तात उचलल्या होत्या. "सासऱ्याचा चष्मा" म्हणून पोरी आयांना चिडवायच्या.

देणगीदार म्हणतील, चष्मा म्हणजे काय औषध आहे का? त्यांना आसामच्या चहामळ्यांचं सांग. चाळिशीपुढच्या मजुरांवरचा तो अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जवळचा चष्मा मिळालेल्यांची पानतोड, न मिळालेल्यांपेक्षा २१ टक्क्यांहून जास्त वाढली. विडीला हाच आकडा चिकटवू नकोस, काम निराळं. पण भिंगाचा पगाराशी संबंध आहे एवढं कळायला तो पुरे.

आता चारशेचं. पहिल्या खेपेला चाळीसच घे, आणि महिन्याने त्याच चाळीस दारांवर जा. कोणाच्या नाकावर, कोणाच्या कपाटात, कोणाच्या नवऱ्याकडे (हे फार होतं) ते वहीत लिही. शिबिराची तारीख त्यानंतर छाप.

रविवारी मीही येतो. स्क्रू, नाकाच्या गाद्या आणि छोटा पेचकस माझ्या डब्यात आहे. तू टेप आण, कापडी आण. लोखंडी टेप सर्रकन डोळ्याकडे आला की बायका बिचकतात.

तुझा,
चष्मेवाले काका