डॉसबॉक्सने सुरुवात करताय? आधी एवढंच करा

एकदम दहा एम्युलेटर (जुन्या संगणकाची नक्कल करणारे प्रोग्राम) उतरवून घेऊ नका. जुने डॉस गेम खेळायचेत ना, मग डॉसबॉक्स पुरे.

गेम वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, तो फोल्डर माउंट करा (म्हणजे डॉसबॉक्सला ड्राइव्ह म्हणून जोडा) आणि आधी जसाच्या तसा चालवून बघा. पडद्यावर सगळं भिंगरीसारखं पळायला लागलं तर गेम बिघडलेला नाही, सायकल्स, म्हणजे डॉसबॉक्सच्या नकली प्रोसेसरचा वेग, जास्त झाल्यात. कंट्रोल धरून एफ११ दाबत कमी करा. एफ१२ ने वाढतात. नवखे नेमके इथेच वैतागतात.

बदल करायची खाज सुटली की:

- मूळ फोल्डरची कॉपी आधी, बाकी सगळं नंतर.
- एका वेळी एकच मॉड (गेममध्ये केलेला बदल).
- पहिला प्रयोग १९९३च्या 'डूम'वर करा. नवे नकाशे वेगळ्या वॅड फाइलमधून (डूमचे नकाशे, चित्रं, आवाज ठेवणारी फाइल) येतात, मूळ फाइलला हातच लागत नाही.

हेक्स एडिटरचं (फाइलमधले बाइट थेट बदलायचं साधन) नंतर बघू.