ऐतिहासिक कादंबऱ्या वाचून कंटाळलो, आता काय वाचू? या वयात मुलांची पुस्तकं वाचली तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की चाळिशी आली, शिवकाळ आणि पेशवाईवरच्या कादंबऱ्या वाचून झाल्या आणि आता त्या सगळ्या एकाच माणसानं लिहिल्यासारख्या वाटतात. विज्ञानकथा रुक्ष असतील अशी धास्ती आहे. मुलांची पुस्तकं खुणावतात, पण बसमध्ये हातात धरायला लाज वाटते.

माझा सल्ला जरा उलटा आहे. पेशवाई सोडू नका. विषय तोच ठेवा, सांगणारा बदला.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तेवीस वर्षं वाचनालयात देवघेव सांभाळली. म्हणजे कार्ड काढायचं, तारखेचा शिक्का मारायचा, उशीर झाला की दंड घ्यायचा आणि ‘ताई, काहीतरी चांगलं द्या’ असं म्हणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून कपाटातून पुस्तक काढून द्यायचं. तुमच्यासारखे वाचक मी पुष्कळ पाहिलेत. ऐतिहासिकचं कपाट संपलं की ते थेट दुसऱ्या टोकाला उडी मारतात, कुणीतरी सांगितलेली जाडजूड विज्ञान कादंबरी नेतात, चाळीस पानांत दमतात आणि ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणून परत आणून टाकतात. पुढचे सहा महिने मग दिवाळी अंक. म्हणून मी उडी मारायला सांगत नाही.

पानिपतच घ्या. १४ जानेवारी १७६१. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) आणि रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) तुम्ही वाचल्या असणारच. पण बहुतेकांनी त्या वेगवेगळ्या वयात वाचलेल्या असतात. एकदा लागोपाठ वाचून बघा. पहिलीत रणावर पडलेली माणसं दुसरीत कर्ज, वसुली आणि काका-पुतण्याची भाऊबंदकी होऊन उरतात. त्याच साली सोळाव्या वर्षी पेशवाईच्या गादीवर बसलेला माधवराव १७७२ मध्ये थेऊरला क्षयानं जातो, सत्ताविसाव्या वर्षी. दोन लेखकांचा पिंड अगदी वेगळा. एकाला फौजेची हालचाल दिसते, दाणावैरण दिसते. दुसऱ्याला देवघर आणि आजाऱ्याची खोली. तुम्हाला सगळं एकसारखं वाटतंय ते बहुधा सलग पण भलत्या क्रमानं वाचल्यामुळे.

आता तिसरं पुस्तक. जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह १९७९ चा. त्यात ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ नावाची कथा आहे. गंगाधरपंत हे इतिहासाचे प्राध्यापक, सभांची अध्यक्षपदं भूषवण्यात मुरलेले. पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर काय झालं असतं, या विचारात असताना त्यांना अपघात होतो आणि ते अशा जगात जाऊन पोचतात जिथे तो खरोखरच उलटा लागलेला आहे. मराठे जिंकलेत. मुंबई आहे, पण आपल्या ओळखीची नाही. तिथल्या एका सभेत व्यासपीठावरची रिकामी खुर्ची बघून पंत सवयीनं चढून बसतात आणि लोक त्यांना अक्षरशः पळवून लावतात, कारण त्या जगानं अध्यक्षीय भाषणांची प्रथाच बंद केलेली असते. (सत्काराच्या कार्यक्रमांत तासन्‌तास खुर्च्या उबवलेल्या कुणालाही त्या जगात राहायला जावंसं वाटेल.) पंत परततात तेव्हा खिशात पुरावा म्हणून उरतं ते बखरीचं एक फाटकं पान. आपल्या इतिहासात त्या लढाईत पेशव्यांच्या मुलाला, विश्वासरावांना गोळी लागते. त्या पानावर ती चाटून जाते.

ही कथा मी एका निवृत्त एसटी ड्रायव्हरांना दिली होती. ऐतिहासिकशिवाय दुसरं काही नेत नसत. आठ दिवसांनी आले ते पुस्तक टेबलावर आपटूनच. ‘आवं ताई, हितं तर आपण जिंकलोय! हे छापलं कसं?’ मी म्हटलं, काका, ही कल्पना आहे. ते म्हणाले, ते कळलं हो मला, पण ते बखरीचं पान खरं की खोटं? मग मी त्यांना ‘भाऊसाहेबांची बखर’ काढून दिली. जुनी भाषा, लांबलचक वाक्यं, पण गड्यानं वाचली. ती वाचून शेजवलकरांचं पानिपत नेलं, जे कादंबरी नाही, शुद्ध इतिहास आहे आणि कादंबरीकारांच्या पुष्कळ लाडक्या समजुतींना त्यात थारा नाही. एका लढाईसाठी ते चार कपाटांपुढून फिरले. विज्ञानकथा वाचली हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

तुमच्या धास्तीबद्दल खरं सांगायचं तर मराठी विज्ञानकथेत रुक्षपणा आहे. पुष्कळ कथांत एक शास्त्रज्ञ दुसऱ्याला चहा पिता पिता अशा गोष्टी समजावून सांगतो ज्या त्या दुसऱ्याला आधीच ठाऊक असायला हव्यात. गंगाधरपंतांच्या कथेच्या शेवटीही असं एक निरूपण आहेच. तेवढ्या पानांवर नजर जरा सैल सोडा, कथा कुठे अडत नाही. नारळीकरांचीच ‘उजव्या सोंडेचा गणपती’ क्रिकेटच्या मैदानावर सुरू होते, तीही याच संग्रहात. लक्ष्मण लोंढे आणि सुबोध जावडेकर यांच्या कथांत यंत्रांपेक्षा माणसं जास्त भेटतात, त्या दुसऱ्या फेरीला ठेवा. आणि एक गंमत. नारळीकरांनी त्यांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. हस्ताक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. केंब्रिजला शिकवून आलेला माणूसही नाव लपवून परीक्षेला बसतो, तर आपण वाचक म्हणून नवखे असल्याची लाज कशाला धरायची?

भयकथांचं मी लांबवत नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांची पुस्तकं आमच्याकडे कधी कपाटात राहिलीच नाहीत, कायम कुणाच्या तरी घरी. फक्त एक सावधगिरी. २०१८ मध्ये ‘तुंबाड’ सिनेमा आला आणि दोन-तीन महिने कॉलेजची पोरं ‘तुंबाडचे खोत’ मागत आली. सिनेमानं श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीकडून घेतलंय ते नाव. भीतीचा धागा आहे धारपांच्या ‘आजी’ या कथेतला. भूत शोधायला आलेल्या पोरांच्या हातात कोकणातल्या एका घराण्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांची कहाणी सांगणारे दोन ठोकळे पडले. बहुतेकांनी पहिला खंडच परत केला. एक मुलगी मात्र दुसराही घेऊन गेली. चुकून हाती आलेलं पुस्तकही कधी कधी बरोबर माणसाला लागतं.

आता तुमच्या संकोचाकडे येते, कारण मला खरं बोलायचंय ते याबद्दल.

मी सातवीत असताना आमच्या गावच्या वाचनालयात (जिथे पुढे नोकरी केली ते हे नव्हे) बालविभागाच्या कार्डावर मोठ्यांची पुस्तकं मिळत नसत. त्यामुळे बालविभागाचं एकुलतं कपाट मी पाठ केलं. त्यात भा. रा. भागवतांचं ‘समुद्र-सैतान’ होतं, ज्यूल व्हर्नच्या पाणबुडीच्या कादंबरीवरून केलेलं. आमच्या प्रतीचा शेवटचा फर्मा गायब होता. सोळा पानं. बाइंडिंग करताना गळला की कुणी फाडून नेला, कोण जाणे. कॅप्टन नेमोचं पुढे काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. दुसरी प्रत नव्हती, विचारायला माणूस नव्हता. शेवटी मीच शेवट रचला. माझ्या डोक्यातली पाणबुडी रत्नागिरीच्या बंदरात वर आली, नेमो इंग्रजांवर तोफा डागून पुन्हा पाण्याखाली गेला आणि तिथे कैदेत असलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाला सोडवून घेऊन गेला. थिबा तिथे नेमका कुठल्या साली होता याची मला तेव्हा फिकीर नव्हती.

पुढे नोकरीला लागल्यावर कळलं की मी फार चुकले नव्हते. व्हर्ननं नंतरच्या एका कादंबरीत, १८७५ साली, नेमो कोण ते सांगून टाकलंय. तो बुंदेलखंडातला राजपुत्र, १८५७ च्या उठावात उतरलेला, सगळं गमावून समुद्राखाली गेलेला. मुलांच्या कपाटातलं पुस्तक, विज्ञानाची कल्पना, आणि मुळाशी आपल्याच इतिहासातली जखम. हे तीन वेगळे प्रकार आहेत हे फक्त आमच्या कपाटांवरच्या चिठ्ठ्या म्हणतात.

त्या चिठ्ठ्यांचं आणखी एक सांगते. मी रुजू झाले तेव्हा प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ बालविभागात लावलेलं होतं, कारण चाळणाऱ्याला आत एक शाळकरी मुलगा दिसला. आजी-आजोबांकडे राहणारा, जे आवडेल आणि जे छळेल त्या सगळ्याला ‘मॅड’ म्हणणारा लंपन. मुलं ते पुस्तक नेत आणि दोन दिवसांत परत आणत. मी ते उचलून मोठ्यांच्या कथासंग्रहांत ठेवलं आणि मग ते जागेवर सापडेना. लिहिणारे संत कऱ्हाडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. दगडाचे थर वाचणाऱ्या माणसानं लहानपणाचे थर असे सुटे करून दाखवले, की मोठ्या वयात वाचताना मध्येच पुस्तक मिटून बसावं लागतं. तुम्ही मुलांची पुस्तकं म्हणता तेव्हा असलं काही मनात असेल, तर संकोचाचं कारणच नाही. पण मी त्याच्याही पुढे जाऊन म्हणेन की जे निखळ मुलांसाठी लिहिलंय तेही वाचा. भागवतांचाच फास्टर फेणे वाचा. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात आलेला काडीपैलवान बन्या, सायकल, आणि डोक्यात काही चमकलं की तोंडातून निघणारं ‘ट्टॉक’. भागवतांचं वाक्य बघा, त्यात बोलताना दम लागल्यासारखी घाई आहे. पाचशे पानांच्या ऐतिहासिक कादंबरीत दरबार भरायलाच तीस पानं लागतात. इथे तेवढ्यात चोर सापडून पोरं भजी खात असतात. भारदस्त शब्दांची सवय जडलेल्या वाचकाला हा उतारा लागू पडतो. जुने ‘किशोर’ बालभारतीनं इंटरनेटवर फुकट ठेवलेत. १९७१ पासूनचे अंक आहेत, फोनवर वाचा, बसमध्ये कुणाला कळणारसुद्धा नाही.

जाता जाता पेशवाई-शिवकाळाबद्दल एक तक्रार. कादंबरी वाचून झाली की निदान एकदा ‘हे खरं का?’ म्हणून बघायची सवय लावा, मजा दुप्पट होते. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचं नावच ‘गड आला पण सिंह गेला’, आणि तानाजी पडल्यामुळे कोंढाण्याचा सिंहगड झाला असं शाळेपासून आपण ऐकत आलो. पण सिंहगड हे नाव त्या १६७० च्या लढाईआधीच्या पत्रव्यवहारात सापडतं. यानं तानाजी तसूभरही लहान होत नाही. कादंबरीकार कुठे शिवण घालतो ते दिसायला लागतं, एवढंच. आणि ते एकदा दिसलं की सगळ्या एकाच माणसानं लिहिल्यासारख्या वाटायचं थांबतं.

क्रम विचाराल तर या शनिवारी ‘यक्षांची देणगी’ आणा, त्यातली एकच कथा वाचा. सोबत एक फास्टर फेणे, कुठलाही. ‘वनवास’ पावसाळ्यात. धारप घरात एकटे नसताना. बखर तुमची तुम्हालाच मागावीशी वाटेल तेव्हा.

ते एसटीतले काका पुढे बालविभागापुढे घुटमळताना दिसायला लागले. नातवासाठी नेतो म्हणाले. एकदा फास्टर फेणेची चार पुस्तकं नेली ती दोन महिने आणलीच नाहीत. दंड भरायला आले तेव्हा मी विचारलं, नातवाचं वाचून झालं का? म्हणाले, एक राह्यलंय अजून, पुन्हा नावावर टाका. नातू पुण्याला असतो, हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं.