आरसीसीबी सारखा पडतोय? १०० मिलिअँपिअरचा घेण्याआधी न्यूट्रल शोधा

तुम्ही लिहिलंय की नव्या वायरिंगमध्ये डीबीत, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीत, ३० मिलिअँपिअरचे दोन आरसीसीबी (झटक्यापासून वाचवायला वीज तोडणारे स्विच) आहेत. रात्रीचा छोटा दिवा लावला तर काही होत नाही, पण बेडरूमचा पंखा लावला की कधी पहिला पडतो, कधी दुसरा, कधी दोन्ही. वायरमन म्हणतो १०० चे टाका, त्रास संपेल. मग कोणते घेऊ, असा तुमचा प्रश्न.

"कधी पहिला, कधी दुसरा" हे वाचल्याबरोबर दुखणं ओळखीचं वाटलं. हे बहुतेक लीकेज, म्हणजे करंट अर्थिंगकडे निसटणं, नाहीच. दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत गेलेत. याच दोषापायी मी धडधाकट आरसीसीबी बदलत बसलो होतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आरसीसीबी एकच हिशेब करतो: आपल्या फेजमधून जितका करंट गेला तितका आपल्याच न्यूट्रलमधून परत आला का. पंखा ७० वॅटचा धरा, म्हणजे साधारण ०.३ अँपिअर, ३०० मिलिअँपिअर. त्याचा फेज पहिल्या आरसीसीबीतून निघाला आणि न्यूट्रल दुसऱ्याच्या पट्टीवर (न्यूट्रलच्या वायरी जिथे जोडतात त्या पितळी पट्टीवर) जोडला गेला, तर पहिल्याला ३०० गेलेले दिसतात पण परत आलेले दिसत नाहीत, आणि दुसऱ्याला कधी न गेलेले ३०० परत येताना दिसतात. तफावत दोघांनाही सारखीच, म्हणून जो क्षणभर आधी सुटेल तो पडतो. ३ वॅटचा दिवा १३ ते २५ मिलिअँपिअरच घेतो, तो बऱ्याचदा खपून जातो. १०० चा टाकलात तर ९ वॅटचा दिवाही कदाचित खपेल, पंखा मात्र तरीही पाडणारच. मग कोणीतरी ३०० चा सुचवेल.

आणि इथे खरा धोका आहे. आरसीसीबी त्याच्या आकड्याच्या निम्म्याच्या खाली पडत नाही, आणि पूर्ण आकड्याला पडलाच पाहिजे. म्हणजे १०० च्या आरसीसीबीखाली माणसाच्या अंगातून ८० मिलिअँपिअर वाहत राहिले तरी न पडण्याची त्याला मुभा आहे. एवढा करंट सेकंदभर छातीतून गेला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अजून एक गैरसमज: ३० चा बसवला म्हणजे अंगातून ३० च जातील असं नाही. २३० व्होल्टला करंट शरीराच्या रोधावर ठरतो, तो दीडशे-दोनशेही असू शकतो. आरसीसीबी करंट कमी करत नाही, वेळ कमी करतो. ३० चा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला कमाल ३०० मिलिसेकंदांत पडतो, ६० ला १५० आणि १५० ला ४० मिलिसेकंदांत. माणसांच्या वापराच्या सर्किटवर ३० च्या वर जायचं नाही, यात मी तडजोड मानत नाही. १०० आणि ३०० चे आगीपासून बचावासाठी, मेनच्या जागी.

आता तपासणी. कोणतंही यंत्र लागत नाही. पंख्याचं सर्किट ज्या आरसीसीबीवर आहे त्याला पहिला म्हणू.

पहिला चालू ठेवा, दुसरा पूर्ण बंद करा आणि पंखा लावा. तीन गोष्टींपैकी एक होईल. पंखा फिरलाच नाही आणि काही पडलंही नाही, तर त्याचा न्यूट्रल पूर्णपणे दुसऱ्याच्या पट्टीवर आहे. पंखा नीट फिरला आणि पहिला पडला नाही, तर दोन्ही न्यूट्रल कुठेतरी एकत्र पिळलेत; दोन्ही आरसीसीबी चालू असतात तेव्हा परतीचा करंट दोन वाटांनी विभागला जातो. दुसरा बंद असूनही पहिला पडला, तर करंट अर्थिंगकडे जातोय, म्हणजे दोष वेगळा; त्याबद्दल खाली लिहिलंय. पण एक सावधगिरी फार महत्त्वाची: पहिल्या प्रकारात दुसरा आरसीसीबी बंद असूनही त्याच्या न्यूट्रलवर पंख्यातून आलेला फेज उभा असतो. ही तपासणी चालू असताना झाकण उघडून कुठलीही वायर हाताळू नका. काळी वायर म्हणून हात लावला आणि झटका बसला, असं नेमकं इथेच होतं.

न्यूट्रल मिसळतो त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा डीबीच: दोन आरसीसीबी बसवले पण न्यूट्रलची पट्टी एकच ठेवली. प्रत्येक आरसीसीबीची पट्टी वेगळीच हवी, आणि त्याच्या एमसीबींचे (ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किटला पडणाऱ्या स्विचांचे) न्यूट्रल फक्त तिथेच. दुसरी जागा जिन्याचा दिवा, टू-वे स्विचवाला. खालून एका सर्किटचा फेज आणि वरून जवळ पडतो म्हणून दुसऱ्याचा न्यूट्रल. तिसरी, मोठी स्विचबोर्डाची पेटी, जिथे दोन सर्किटं येतात आणि सगळे न्यूट्रल एका गाठीत बांधून टेप मारलेली असते. चौथी इन्व्हर्टर. जुन्या घरात इन्व्हर्टरचा फक्त फेज वेगळा ओढून न्यूट्रल आहे तोच वापरतात. आरसीसीबी नसताना ते चालून जातं, नंतर आरसीसीबी बसवला की पहिल्याच दिवशी पडतो आणि दोष नव्या आरसीसीबीला दिला जातो.

दुरुस्ती म्हणजे मेन बंद करून, टेस्टरने नव्हे तर मीटरने वीज नाही याची खात्री करून, ती एक वायर योग्य पट्टीवर नेणं. बहुतेक वेळा काम अर्ध्या तासाचं असतं, शोधायलाच वेळ जातो. नंतर दोन्ही आरसीसीबी बंद ठेवून दोन्ही न्यूट्रल पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का ते मीटरच्या कंटिन्युइटीवर बघा. बझर वाजला तर अजून कुठेतरी गाठ शिल्लक आहे. बझर वाजला नाही तरी पूर्ण उसना न्यूट्रल (फेज एका सर्किटचा, न्यूट्रल दुसऱ्याचा) यात सापडत नाही, त्यासाठी वरचीच तपासणी प्रत्येक दिव्या-पंख्यावर करा.

आता तपासणीतल्या तिसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे करंट अर्थिंगकडे जातो तेव्हा. सगळे एमसीबी बंद आणि तरीही आरसीसीबी पडतो, तेव्हा लोक चक्रावतात. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. तो न्यूट्रल कुठे अर्थिंगच्या वायरला टेकला असेल, तर घरात दुसरीकडे गीझर लावल्यावर न्यूट्रलवर व्होल्टभर दाब चढतो, आणि ३० ओहमच्या वाटेतून १ व्होल्टलाही ३० मिलिअँपिअर निघून जातात. इथे मेन बंद करून न्यूट्रल एकेक करून पट्टीवरून सोडवायचे आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) अर्थिंगशी तपासायचे. मेगर मारण्याआधी सगळे प्लग काढा, दिवे-पंख्यांची बटणं बंद ठेवा. १ मेगाओहमच्या खाली आलं तर ते सर्किट दोषी. गीझरचं एलिमेंट दमट होऊन असं होणं नेहमीचंच.

यात माझं सगळ्यात जास्त नुकसान एका सेवा केंद्राने केलं; नाव घेत नाही. प्रत्येक वेळी माणूस यायचा, टेस्टचं बटण दाबायचा, पडला की "चांगला आहे" म्हणायचा, तक्रार केली की "बदलून बघा". वायर जबड्यात पकडून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर एकदाही बाहेर निघाला नाही. टेस्टचं बटण आतल्या रोधातून जाणूनबुजून तफावत निर्माण करतं. त्यातून यंत्रणा सुटते एवढंच कळतं; वायरिंग बरोबर आहे की नाही, अर्थिंग आहे की नाही, यातलं काहीही नाही. अर्थिंग मुळीच नसलं तरी बटण दाबल्यावर आरसीसीबी पडतो. तक्रार घेणाऱ्याने लीकेजसाठीचा क्लॅम्प मीटर आणावा आणि फेज-न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र जबड्यात घेऊन मिलिअँपिअर वाचावेत, एवढी अपेक्षा ठेवणं चूक नाही. अर्थिंगची वायर मात्र त्या जबड्यात घ्यायची नाही.

आता खरेदी, जी तुम्हाला बहुधा करावी लागणारच नाही.

टाइप एसी घेऊ नका, टाइप ए घ्या. इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन, एलईडी ड्रायव्हर, चार्जर यांच्यातला दोषाचा करंट तुकड्या-तुकड्यांचा डीसी असू शकतो, तो टाइप एसीला ओळखता येईलच असं नाही. गाडीच्या चार्जरसाठी सलग डीसीही ओळखणारा टाइप बी, किंवा चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअर डीसी ओळखणारी सोय असेल तर टाइप ए.

इलेक्ट्रॉनिक नको, इलेक्ट्रोमेकॅनिकल हवा. इलेक्ट्रॉनिकला चालायला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. न्यूट्रल तुटला तर फेज जिवंत आणि आरसीसीबी झोपलेला. अंगावर छापलेल्या आकृतीत अॅम्प्लिफायरची चौकट फेज-न्यूट्रलला जोडलेली दिसली, तर तो इलेक्ट्रॉनिक.

२५, ४०, ६३ हा आकडा त्याच्या संपर्कांना किती करंट झेपतो त्याचा आहे. ओव्हरलोड किंवा शॉर्टसर्किटला आरसीसीबी पडत नाही, म्हणून त्याच्यामागे तेवढ्याच किंवा कमी अँपिअरचा एमसीबी हवाच. बजेट असेल तर माझं मत सरळ आहे: महत्त्वाच्या प्रत्येक सर्किटला वेगळा आरसीबीओ, म्हणजे आरसीसीबी आणि एमसीबी एकातच. एक सर्किट पडलं म्हणून फ्रिज बंद होत नाही, आणि रोजचं थोडं थोडं लीकेज एकावर साठत नाही. हे रोजचं लीकेज ३० टक्क्यांच्या, म्हणजे ३० च्या आरसीसीबीवर ९ मिलिअँपिअरच्या आत ठेवायचं. एक संगणक साधारण १ मिलिअँपिअर देतो, यावरून गणित करा. मेनला ३० चाच आणखी एक टाकू नका, कोणता आधी पडेल सांगता येत नाही. तिथे ३०० चा एस टाइप, जो मुद्दाम थोडा उशिरा पडतो.

चार पोलचा आरसीसीबी सिंगल फेजवर वापरत असाल तर टेस्टचं सर्किट कोणत्या दोन पोलमध्ये आहे ते आकृतीत बघूनच जोडा, नाहीतर बटण दाबूनही तो पडणार नाही. न्यूट्रलचे स्क्रू टॉर्क देऊन घट्ट करा, सैल न्यूट्रल जळतो.

मी डीबी डोळ्यांनी पाहिलेला नाही, अर्थिंगची पद्धतही सगळीकडे सारखी नसते, म्हणून झाकण उघडायचं काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. दुसरा आरसीसीबी बंद ठेवून पंखा लावण्याची तपासणी मात्र तुम्ही आजच करू शकता. तीनपैकी काय झालं ते कळवा, आणि त्या माणसाने झाकण काढलं की न्यूट्रलच्या पट्ट्या किती आहेत तेही मोजून लिहा.