एकच झाड असेल तर बी धरणार नाही

प्रश्न : ताई, दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनातून अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास नावाचा कॅक्टस घेतला, म्हणजे तो चपटा, बिनकाट्यांचा, आठ फाका आणि पांढरे ठिपके असलेला. उन्हाळ्यात पिवळी फुलं आली, आतून लालसर, पण बी काही धरलं नाही, पिल्लंही नाहीत. एक फाक कापून लावली तर जगेल का? आणि पावसाळ्यात गच्चीवर राहू दे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी सुरी खाली ठेवा! याची फाक मुळं धरत नाही, आणि जखमेतून अख्खं झाड सडायचं ते वेगळंच. पिल्लं सहसा येतच नाहीत, त्यामुळे हा वाढवायचा तो बियांपासून.

बी न धरण्यात तुमची काही चूक नाही. याला स्वतःचा पराग चालत नाही, आणि एकाच झाडावर चार फुलं आली तरी ती चारही एकाच घरची, म्हणजे दुसरं झाड हवंच, तेही वेगळ्या बीचं. दोन्हीकडे एकाच वेळी फूल उघडलं की भर दुपारी रंगकामाचा बारीक ब्रश घ्यायचा आणि इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवायचा. फूल दोन-तीन दिवस टिकतं तेव्हा घाई नको. काही आठवड्यांनी लोकरीत दडलेलं फळ सुकून फुटतं, आत तपकिरी, टोपीसारख्या पोकळ बिया असतात. पाण्यात टाकल्या तर तरंगतात, मला पहिल्यांदा वाटलं पोचट निघाल्या म्हणून फेकणारच होते.

जेवणाचं पार्सल येतं तो झाकणाचा पारदर्शक डबा घ्या, तळाला भोकं पाडा. चाळलेली जाड वाळू, विटांचा चुरा आणि थोडं कोकोपीट, त्यावर उकळतं पाणी ओतून गार होऊ द्या. बिया वर नुसत्या पसरा, मातीखाली पुरू नका. झाकण लावून खिडकीत उजेडात ठेवा, थेट ऊन नको. २५ ते ३० अंशांत ताजं बी तीन-चार दिवसांत उगवतं, आणि ते बघायला मी सकाळी चहाच्या आधी जाते, खोटं कशाला बोलू. दोनेक महिन्यांनी झाकण थोडं थोडं उघडायचं, एकदम उघडलंत तर रोपं माना टाकतात. पुढे मात्र धीर लागतो, बियांपासून फूल यायला काही वर्षं जातात.

ज्यांना धीर नाही ते कलम करतात, आणि तुमच्याकडे तर ड्रॅगन फ्रूटच्या बागा आहेतच. त्याचा वीतभर तुकडा आधी लावून मुळं फुटू द्या, मग शेंडा स्वच्छ ब्लेडने सपाट कापा, रोपही बुडाशी कापा, दोघांच्या आतल्या गोल कड्या निदान एका बाजूला जुळल्या पाहिजेत, वरून रबरबँड, आणि आठवडाभर सावलीत. वाढ पटकन होते, फूलही लवकर येतं, फक्त झाड जरा फुगीर दिसतं, मला ते आवडत नाही पण ती माझी खोड.

आता पाऊस. हे मूळचं टेक्ससच्या स्टार काउंटीतलं आणि मेक्सिकोतल्या तामाउलिपास, नुएवो लिऑनमधलं. तिथे ते काटेरी झुडपांच्या सावलीत वाढतं, आणि कोरड्या दिवसांत इतकं आक्रसतं की जमिनीबरोबर होतं. म्हणून दोन गोष्टी : दुपारच्या कडक उन्हाला हिरव्या जाळीची सावली हवी, आणि मृगाची चाहूल लागली की कुंडी छपराखाली. माझी तीन झाडं एका जुलैत गेली, वरून ठणठणीत, बोटाने दाबलं तर आत नुसता लगदा. आपल्या आषाढात मी पाणी जवळजवळ बंदच ठेवते, झाड चपटं पडलं तरी घाबरत नाही. बाकी दिवसांत माती पूर्ण सुकली की भरपूर द्या, रोज घोट घोट नको. कुंडी बदलताना मुळांत पिठ्या ढेकूण नक्की बघा, पांढरी पूड दिसते ती तीच.

प्रश्न : हा अ‍ॅस्ट्रोफायटम आणि पेयोट एकच का? मित्र म्हणतो घरात ठेवणं गुन्हा आहे.
– पुण्याहून एक वाचक

उत्तर : नाही हो, पेयोट म्हणजे लोफोफोरा, नशा आणणारा वेगळा कॅक्टस. पण गोंधळ खरा आहे. दोन्ही बिनकाट्यांचे, चपटे, टेक्ससमध्ये एकाच भागात वाढतात, आणि पेयोट गोळा करणाऱ्यांच्या हाती चुकून हाही लागतो. याला नशा-बिशा काही नाही. मात्र जंगलात तो इतका कमी उरलाय की अमेरिकेने १९९३ मध्ये त्याला संकटग्रस्त ठरवलं, आणि सायटीज, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टातही तो आहे. म्हणून घेताना एकच विचारा, बियांपासून वाढवलेलं आहे का? कुणी 'थेट मेक्सिकोचं, जंगलातलं, जुनं' म्हणून भाव वाढवत असेल तर सरळ पुढच्या स्टॉलला जा.