यादी द्यायची, पण कुणी विचारल्यावर

तुळशीचं लग्न उरकलं, की विवाहपूर्व समुपदेशनाला येणाऱ्यांत हा प्रश्न हमखास निघतो. ‘आहेरात काय हवं याची यादी केली तर चालेल का? लोक नावं ठेवतील का?’ या हंगामातही तो इतक्यांदा ऐकला, की एकदाचं लिहून टाकते. ओळख पटू नये म्हणून नावं-तपशील बदललेत.

गौरी सांगलीच्या गावभागातली. नोकरी पुण्यात, भाड्याचं वन बीएचके. थोरल्या बहिणीच्या लग्नात भिंतीवरची सहा घड्याळं आणि चार डिनर सेट आले, ते अजून माळ्यावर आहेत. म्हणून हिनं मोबाइलवर बावीस वस्तूंची यादी केली आणि ती पत्रिकेसोबतच सगळ्यांना धाडायचं ठरवलं. आईनं दोन दिवस अबोला धरला.

मी आईंना विचारलं, ‘यादी गेली तर काय होईल?’
‘लोक नावं ठेवतील.’
‘ठेवली. पुढं?’
बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, ‘पुढं… आम्ही पोरीला मागायला शिकवलं, असं होईल.’

माणूस अस्वस्थ होतो त्याच्या आधी मनात एक वाक्य उमटलेलं असतं. ते हुडकलं की निम्मं काम होतं, यावर माझा भरवसा आहे. आईंचं वाक्य होतं, ‘मागणं म्हणजे कमीपणा.’ गौरीचं होतं, ‘हवं तेच आलं पाहिजे.’ एकीला लाज, दुसरीला हट्ट. वाद मात्र यादीवरून चाललेला.

पुढच्या वेळी मी आईंना त्यांच्या स्वतःच्या लग्नाची आहेराची वही आणायला सांगितली. १९९४ सालची, लाल कापडी बांधणीची. पानांच्या कडेला २०१९ च्या पुराची तपकिरी रेघ. नाव, गाव, काय आलं, आणि चौथ्या रकान्यात ‘फेडलं’ची खूण. गौरी पानं उलटत शेवटच्या पानाशी थांबली. तिथं आजीच्या अक्षरात लिहिलं होतं: मोठी परात – जतची आत्ती. सोऱ्या – मिरजेची मावशी. तांब्याची कळशी – शेजारच्या वहिनी.

‘आई, ही यादीच आहे की!’
‘यादी कसली? त्या विचारायला यायच्या, पोरीला काय घेऊ म्हणून. मग आई सांगायची.’

बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं. अमेरिकेत १९२४ साली शिकागोच्या मार्शल फील्ड्स दुकानानं नवरीला आहेरात काय हवं याची दुकानातच नोंद ठेवणं सुरू केलं, असं तिकडे कौतुकानं सांगतात. गावभागातल्या आजीला दुकानही लागलं नाही. मी त्या तासाभरात चारच वाक्यं बोलले असेन, पण वही आणायला सांगणं वाया गेलं नाही, याचं समाधान आहे.

मग ठरलं ते असं. पत्रिकेत आहेराबद्दल एक अक्षर नाही. यादी मावसबहिणीकडे, जो विचारेल त्याला ती दाखवणार आणि वस्तू ठरली की त्याच संध्याकाळी खोडणार. साधारण तीस घरं विचारतील असा अंदाज असेल, तर वस्तू पंचेचाळीस ठेवाव्यात, म्हणजे शेवटच्याला उरलंसुरलं घ्यावं लागत नाही. निम्म्या वस्तू पाचशेच्या आतल्या हव्यात. वॉशिंग मशीनसारखं मोठं काही असेल, तर ते मामेभावंडांनी मिळून. नुसतं ‘कुकर’ लिहिलं की तीन लिटरचे तीन येतात. ‘पाच लिटर, इंडक्शनवर चालणारा’ असं लिहावं. भांड्यावर नाव घालायचं असेल तर वस्तू पक्की झाल्यावरच, कारण नाव घातलेलं भांडं दुकानदार बदलून देत नाही. मिक्सरची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून चालते, तेव्हा तो दोन महिने आधी घेऊन ठेवू नये.

एका बाबतीत मी कडक आहे. मुलाकडून मुलीच्या आईवडिलांना कुठलीही यादी जाता कामा नये. ती मागणी ठरते, आणि १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा तिथंच लागतो. न मागता आलेल्या भेटींचीही लेखी यादी ठेवावी, असं १९८५ चे नियम सांगतात: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, खाली वधूवरांच्या सह्या. आहेराची वही नीट लिहिली, की हे आपोआप होतं.

लग्नानंतर तीन महिन्यांनी गौरी परत आली. चौतीस जणांचे आभार राहिले होते. ‘आता कुठल्या तोंडानं फोन करू?’

घोळ मांडवातच झाला होता. खोक्यांवरच्या चिठ्ठ्या निघाल्या, पाकिटं फोडून फेकून दिली. खरं तर खोक्याच्या बुडाला मार्करनं आकडा घालावा आणि तोच वहीत लिहावा. पाकिटं दोघांनी मिळून उघडावीत, रक्कम पाठीवर टिपावी आणि वही पुरी होईपर्यंत ती जपावीत.

उशिराबद्दल एक वाक्य पुरे, तेही शेवटी. आधी वस्तूचं नाव, मग ती कुठं वापरली. ‘तुमच्या डब्यात ज्वारीचं पीठ भरलंय’ एवढ्यानं समोरचा खुलतो. रोख आहेर असेल तर आकडा उच्चारू नये, त्यातून काय घेतलं ते सांगावं. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांना एकच मजकूर पाठवणं म्हणजे न पाठवण्यासारखंच. साठीपुढच्यांना तर फोनच हवा. आणि माझा आवडता नियम: सासरच्या मंडळींना सुनेनं फोन करायचा, माहेरच्यांना जावयानं. ओळख वाढायला याहून सोपं निमित्त मला तरी सापडलेलं नाही. रोज पाच फोन, सात दिवसांत चौतीस.

पहिला फोन माझ्यासमोरच, जतच्या आत्तींना. नवरा जरा अडखळला, मग म्हणाला, ‘आत्ती, परातीत काल कणीक मळली.’

पलीकडून आवाज आला, ‘मळली न्हवं? बूड बघितलंस का? नाव घातलंय बघ तुमचं.’